बाळ आठ वाजता झोपलं की मोठ्यांनी बसायचं कुठे?

पत्राचा सारांश: डोंबिवलीच्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र. घरात नवरा, साडेचार वर्षांची मुलगी, १४ महिन्यांचा मुलगा आणि ६६ वर्षांच्या सासूबाई, ज्यांचे गुडघे दुखतात. २३ जानेवारीच्या रात्री निघून तीन रात्री कुठेतरी राहून यायचं एवढं ठरलं आहे, पण राहायचं कुठे यावर दोन आठवडे घरात एकमत होत नाही. नवऱ्याने दक्षिण गोव्यातलं एक मोठं रिसॉर्ट बघून ठेवलं आहे. तिथे पोहण्याचा तलाव आहे, मुलांची खेळायची खोली आहे, सकाळचा बुफे आहे, आणि एका रात्रीचे ११,००० रुपये आहेत. पत्रलेखिकेला मालवणजवळच्या तारकर्लीचं एक घरगुती निवासस्थान परवडण्यासारखं वाटतं. तिथे खोलीला ३,००० रुपये आणि जेवण घरचं. मात्र तिथे गेलो तर आपण पुन्हा स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या राहू, अशी त्यांना धास्ती आहे. सासूबाई म्हणतात, पैसे घालवायचेच कशाला, कुडाळला माझ्या मावसबहिणीचं एवढं मोठं घर आहे. गेल्या वर्षी महाबळेश्वरला दरी दिसणारी खोली घेतली होती आणि ती सहल भांडणात संपली. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "सहल मुलांसाठी आहे, तर मुलांना आवडेल तेच हॉटेल घ्यायला हवं ना? मलाही थोडी विश्रांती मिळावी असं वाटणं स्वार्थीपणाचं आहे का?"

प्रिय मैत्रिणी,

महाबळेश्वरबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. साडेआठला बाळ झोपलं, दिवा मालवला आणि तुम्ही तिघं मोठी माणसं पलंगाच्या कडेला बसून मोबाइलच्या उजेडात चिवडा खात राहिलात. कुणी बोललं की बाळ चुळबुळ करायचं. ज्या दरीसाठी जास्तीचे पैसे भरले, ती रात्री दिसत नव्हती आणि दुपारी बाळ झोपलेलं असल्यामुळे पडदा ओढलेला होता. तिसऱ्या दिवशी भांडण नेमकं कशावरून झालं ते आता आठवत नाही, असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, ते त्या खोलीवरून झालं. तीन मोठी माणसं दोन रात्री अंधारात श्वास रोखून बसली की तिसऱ्या दिवशी कुणाचंही कुणाशी पटत नाही.

म्हणून गोवा की तारकर्ली याच्या आधी मी तुम्हाला एक वेगळा प्रश्न विचारते. तुमच्या घरातल्या दिवसाचं घड्याळ कसं चालतं?

हॉटेल बघताना आपल्या डोळ्यांसमोर बाहेरचा दिवस असतो. समुद्र किती लांब, बघायला काय काय आहे, फोटो कसे येतील. मूल लहान असताना दिवसाचा मोठा भाग खोलीतच जातो. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते. तुमचा मुलगा याच वयाचा आहे. म्हणजे तीन दिवसांतला जवळजवळ दीड दिवस कुणीतरी मोठं माणूस झोपलेल्या बाळाजवळ असणार. दुपारी एक ते तीन आणि रात्री आठ ते अकरा या वेळात बाकीच्यांनी कुठे बसायचं, कुठे बोलायचं, साडेचार वर्षांच्या पोरीने कुठे उड्या मारायच्या? याचं उत्तर ज्या जागेत मिळेल, ती जागा तुमच्यासाठी चांगली. तलाव, बुफे, दरी, समुद्र हे सगळं त्यानंतर.

आता गोव्याच्या रिसॉर्टचं बघू. एका खोलीत किती माणसं चालतात हे नवऱ्याने विचारलं आहे का, ते पत्रात नाही. अशा ठिकाणी एका खोलीत साधारणपणे दोन मोठे आणि एक-दोन लहान मुलं धरतात. तिसरं मोठं माणूस आलं की जादा गादीचे पैसे लावतात, नाहीतर दुसरी खोली घ्यायला सांगतात. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना वेगळा पलंग नको असेल तर बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत, पण वयाची मर्यादा प्रत्येकाची वेगळी असते. करही वेगळा. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. म्हणजे तुमची ११,००० ची खोली करासकट १२,९८० ची झाली. तीन रात्रींचे ३८,९४०. दोन खोल्या घ्याव्या लागल्या तर ७७,८८०. तारकर्लीला दोन खोल्या तीन रात्रींसाठी घेतल्या तरी १८,००० होतात, आणि थोडाफार कर लागला तर लागला. पत्रात तुम्ही एका खोलीची तुलना एका खोलीशी केली होती. पाच माणसांसाठी ती तुलना पुरी पडत नाही. जेवढ्यात गोव्याला सगळे मिळून एका खोलीत दाटीवाटीने राहाल, त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत तारकर्लीला दोन खोल्या मिळतात.

दोन खोल्यांवर मी एवढा भर देते आहे, कारण त्यानेच तुमच्या संध्याकाळी सुटतील. सासूबाईंना दोन पावलांवर स्वतःचं बाथरूम मिळेल, मुलगी आजीजवळ झोपेल, आणि बाळ झोपल्यावर तुम्ही नवरा-बायको दाराबाहेर बसू शकाल. कोकणातल्या घराला पडवी असते, ओटी असते. खोलीचं दार लोटून घेतलं आणि बाहेर पडवीत खुर्च्या टाकल्या की आतली हालचाल ऐकू येते आणि बाहेर चहा पिता येतो. लहान मुलाच्या आईबापांना याहून मोठी सोय मला माहीत नाही. दोन खोल्या जमल्या नाहीत, तर निदान खोलीला लागून बसता येईल असा व्हरांडा हवाच. शेजारशेजारच्या खोल्या मागताना "एकाच पडवीवर दोन्ही दारं उघडतात ना?" असं स्पष्ट विचारा. एक खोली खाली आणि एक माडीवर मिळाली, तर त्या दोन खोल्यांचा उपयोग निम्मा होतो.

पोहण्याच्या तलावाबद्दल मात्र नवऱ्याशी शांतपणे बोला. मुलीला पाण्यात खेळायचं आहे आणि बाबाला तिला खेळवायचं आहे, ही किती छान गोष्ट आहे. पण साडेचार वर्षांचं मूल जानेवारीच्या गार पाण्यात अर्धा तास, फार तर पाऊण तास टिकतं. तेवढा वेळ एका मोठ्या माणसाने हात पोचेल इतक्या अंतरावर, फोन खोलीत ठेवून, पाण्यात असायला हवं. जगभरात बुडण्याचा सर्वात जास्त धोका एक ते चार वर्षांच्या मुलांना असतो, आणि तुमची दोन्ही मुलं त्या वयात आहेत. बुडणारं मूल ओरडत नाही, हात वर करत नाही, गप्प खाली जातं. तलावाशी जीवरक्षक आहे का, असेल तर किती ते किती, आणि तलावाला कुंपण व बंद होणारं फाटक आहे का, हे विचारा. तलावासमोरची तळमजल्याची खोली जास्त भावाने देतात. सरकतं दार उघडलं की पाच पावलांवर पाणी. नुकतंच चालायला लागलेल्या मुलासाठी त्या हॉटेलातली ती सर्वात वाईट खोली. फुकट मिळाली तरी घेऊ नका.

हीच काळजी तारकर्लीलाही घ्यायची आहे, फक्त तिथे विचारायचे प्रश्न वेगळे. कोकणातल्या घराच्या आवारात विहीर असते. कठडा किती उंच आहे, वर जाळी आहे का? अंगणातून वाळूत जायचा रस्ता थेट उघडा असेल, तर मध्ये फाटक आहे का? समुद्राला लागून असलेल्या जागेची जाहिरात मोठी होते. १४ महिन्यांच्या मुलासाठी समुद्रापासून पाच मिनिटं आत असलेलं, फाटक लावता येणारं आवार जास्त सुखाचं. खोली नारळाच्या झाडाखाली नसावी, किंवा नारळ उतरवलेले असावेत. आणि बाथरूममधली अर्धी भरलेली बादली. आपल्याला तिचं काही वाटत नाही, पण तोल जाऊन डोक्यावर पडलेल्या बाळाला त्यातून बाहेर येता येत नाही. अंघोळ झाली की बादली पालथी करायची आणि बाथरूमचं दार बाहेरून लावायचं, ही सवय पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा. गिझरचं पाणी घरच्यापेक्षा कडक असू शकतं. आधी गार पाणी घ्या, मग त्यात गरम सोडा.

आता तुमची धास्ती. घरगुती ठिकाणी गेलो की सासूबाई आत जाऊन खोबरं खवायला बसतील, मग मी बाहेर कशी बसू, असं तुम्ही लिहिलंय. मला हे वाचून तुमच्याबद्दल फार आपुलकी वाटली, कारण ही अडचण हॉटेल बदलून सुटणारी नाही. गोव्याच्या रिसॉर्टातही बाळाची पॅन्ट कुणी बदलायची, पहाटे सहाला तो उठला की कुणी बाहेर न्यायचं, बुफे साडेसातला उघडेपर्यंत त्याला काय भरवायचं, हे प्रश्न येणारच. तिथे तुमच्यावरचा स्वयंपाक जाईल, मुलं मात्र तुमच्याकडेच राहतील. विश्रांती हवी असेल तर खोली ठरवण्याआधी पाळ्या ठरवा. कागदावर लिहून. सकाळी सहा ते नऊ बाबा. त्या वेळात तुम्ही झोपा, अंघोळ करा, एकट्या समुद्रावर जा, काहीही करा. दुपारच्या झोपेत बाळाजवळ तुम्ही, त्याच वेळी बाबा मुलीला घेऊन पाण्यात किंवा वाळूत. संध्याकाळी तासभर आजी, पण फक्त मुलीकडे. सहासष्टाव्या वर्षी दुखऱ्या गुडघ्यांनी धावतं बाळ सांभाळायला त्यांना सांगू नये. रात्री पुन्हा बाबा. आणि सासूबाईंना स्वयंपाकघराबद्दल काय सांगायचं ते त्यांच्या मुलाने सांगावं. "आई, इथे तूही पाहुणी आहेस, बस माझ्याजवळ," हे वाक्य मुलाच्या तोंडून त्यांना गोड लागेल. तेच तुमच्या तोंडून आलं तर त्याचा अर्थ वेगळा लागण्याची भीती आहे.

विश्रांती हवी असणं स्वार्थीपणाचं आहे का, याचं उत्तर यातच आलं. चौदा महिने तुमची एकही रात्र सलग झोपेची गेलेली नाही, हे तुम्ही पत्रात कंसात लिहिलंय. ते कंसात लिहू नका. घरात ठरवताना पहिलं वाक्य तेच असू द्या: मला तीन सकाळी नऊपर्यंत झोपायचं आहे, तर ते कुठे जमेल? हॉटेल शोधायला हा प्रश्न समुद्र किती लांब आहे यापेक्षा जास्त कामाचा आहे.

मुलांना काय आवडेल याबद्दल थोडं. आपण मोठी माणसं मुलांच्या आनंदाची किंमत खोलीच्या भाड्यात मोजतो. तुमच्या मुलाला या सहलीतलं काही आठवणार नाही. मुलीला आठवेल, पण काय ते आपल्याला आधी ठरवता येत नाही. माझी मुलगी पाच वर्षांची असताना आम्ही तिला रत्नागिरीकडे नेलं होतं. आज विचारलं तर तिला फक्त एवढंच आठवतं की सकाळी कोंबडी पिल्लांना घेऊन खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली होती आणि तिने पोह्यांतले दाणे टाकले होते. साडेचार वर्षांच्या मुलाला वाळू, पाण्याची एक बादली, मांजर आणि घाईत नसलेला बाबा एवढं पुरतं. मुलांची खेळायची खोली चांगली असते, पण तिथेही एवढ्या लहान मुलाबरोबर कुणीतरी बसावं लागतं. तुम्हाला सोडून येता येईल असं गृहीत धरू नका. किती वर्षांपासूनची मुलं एकटी ठेवून घेतात, ते विचारा.

रिसॉर्ट कधी घ्यावं, हेही सांगायला हवं, कारण हे वाचणाऱ्या सगळ्यांची घडी तुमच्यासारखी नसेल. आईबाप दोघंच असतील, बरोबर तिसरा हात नसेल, मूल अगदी वरच्या दुधावर असेल आणि रात्री दोन वाजता गरम पाणी लागत असेल, तर चोवीस तास कुणीतरी जागं असलेली जागा पैसे देण्यासारखी आहे. मुलाला दमा असेल, झटके येत असतील, तर शहराजवळचं हॉटेल घ्या, समुद्र नंतर बघता येईल. मुलं पाच-सहा वर्षांच्या पुढे गेली आणि पोहायला शिकली, की तलावाचे पैसे खरोखर वसूल होतात. नवऱ्याला सांगा, गोवा रद्द नाही झालेला. तुमचा मुलगा पाच वर्षांचा होईल तेव्हा मुलगी आठ वर्षांच्या पुढे असेल. तेव्हा ते रिसॉर्ट घ्या, आणि ती दोघं पाण्यातून बाहेर यायला तयार होणार नाहीत.

एक माझा अनुभव. मुलगा दोन वर्षांचा असताना आम्ही एका थंड हवेच्या ठिकाणी 'फॅमिली रूम' म्हणून घेतलेली खोली निघाली तिसऱ्या मजल्यावर, उद्वाहक नाही. फोटोत मी खिडकीतला देखावा बघितला होता, बाथरूम बघितलं नव्हतं. बाथरूमचा उंबरा चांगला आठ-नऊ इंच उंच आणि फरशी गुळगुळीत. पहिल्याच संध्याकाळी मुलगा त्या उंबऱ्यावर आपटला, हनुवटीला टाके पडले. अनोळखी गावात रात्री साडेनऊला डॉक्टर शोधत फिरताना मी मनाशी एक यादी केली, ती आजपर्यंत बदललेली नाही. तेव्हापासून मी संकेतस्थळावर जागा शोधते, पण ठरवते फोन केल्यावरच.

फोनवर काय विचारायचं ते सांगते. खोली कितव्या मजल्यावर? बाथरूम खोलीतच आहे ना, उंबरा किती, फरशी खरखरीत आहे का, कमोड आहे का (सासूबाईंसाठी हे पहिलं)? एवढं झालं की "बाथरूमचा आणि पडवीचा एक छोटा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवाल का?" असं विचारा. ज्यांची जागा नीट आहे ते दहा मिनिटांत पाठवतात. गॅलरी असेल तर गजांमध्ये फट किती? चार इंचांहून जास्त असेल तर ती खोली नको, आणि गॅलरीत खुर्ची राहू देऊ नका, मुलं तिच्यावर चढतात. खिडक्यांना जाळी किंवा पलंगाला मच्छरदाणी आहे का? वीज गेली तर पंखा इन्व्हर्टरवर चालतो का, की फक्त दिवा? शेजारी लग्नाचं लॉन किंवा रात्री गाणी लावणारं उपाहारगृह आहे का? दूध सकाळी किती वाजता मिळेल? बालरोगतज्ज्ञ किती लांब? मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे, ओरोसला जिल्हा रुग्णालय. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रातही आहे आणि गोव्यातही. तरीही जवळच्या डॉक्टरांचा नंबर घरमालकांकडून आधीच घेऊन ठेवा.

लोकांची मतं वाचताना पाच तारे देणाऱ्यांची आणि एक तारा देणाऱ्यांची मी सोडून देते. तीन तारे देणारा माणूस सहसा नेमकं लिहितो: पाणी कोमट होतं, रस्त्याचा आवाज येतो, जेवण उत्तम पण उशिरा. गेल्या दोन-तीन महिन्यांतली मतं बघा आणि पाहुण्यांनी काढलेले फोटो बघा. 'आजीआजोबा' किंवा 'बाळ' असे शब्द टाकून मतं शोधली तर तुमच्यासारख्या घरांचे अनुभव चटकन सापडतात.

जेवणाची काळजी तुम्ही बरीच केली आहे. मालवणी जेवण तिखट, मुलं काय खाणार? कोकणातल्या घरात बाळाच्या तोंडाला लागेल असं काहीतरी रोजच शिजत असतं. उकड्या तांदळाची पेज, मऊ भात आणि तूप, फोडणी न दिलेलं वरण, साखर-खोबऱ्याबरोबर घावणे. फक्त ते आदल्या रात्री सांगावं लागतं, आणि "तिखट कमी" असं न सांगता "मसाला अजिबात नको, मीठ आणि हळद एवढंच" असं सांगावं. कमी तिखट म्हणजे काय, याचा प्रत्येक घरात वेगळा अर्थ असतो. घरून मेतकूट, नाचणीचं सत्त्व आणि बाळाची नेहमीची वाटी-चमचा न्या. ओळखीची वाटी दिसली की मुलं अनोळखी जागेतही खातात. खोलीतल्या किटलीत फक्त पाणी गरम करायचं. दूध त्यात उतू जातं, तळाला लागतं, आणि मागच्या पाहुण्याने तिच्यात काय शिजवलं होतं ते आपल्याला माहीत नसतं. ओआरएसची पाकिटं बरोबर असू द्या. एक लिटरच्या पाकिटाला एक लिटरच पाणी, अर्धं पाकीट अर्ध्या पेल्यात असं अंदाजाने करू नका.

पाळणा बहुतेक छोट्या ठिकाणी मिळत नाही. पलंग भिंतीला सरकवून बाळाला भिंतीकडे झोपवायची आपल्याकडे पद्धत आहे, पण गादी आणि भिंत यांच्यामध्ये फट राहिली तर बाळ तिच्यात अडकू शकतं. जमिनीवर गादी घालून मागा, तीच सर्वात निर्धोक. घरगुती ठिकाणी असं काही मागितलं तर त्यांना ते वेगळं वाटत नाही, त्यांच्याही घरात मुलं तशीच वाढलेली असतात.

सासूबाईंच्या कुडाळच्या घराचं काय? तिथे तीन रात्री राहिलात तर मावशींच्या घरात तुम्ही सून म्हणून जाल आणि पाळ्यांचा कागद पहिल्याच सकाळी बाजूला पडेल. पण त्यांचं म्हणणं पूर्ण टाकूनही देऊ नका, कारण तुमच्या प्रवासातली एक मोठी अडचण त्यांच्याकडेच सुटते. २३ तारखेला रात्री ठाण्याहून कोकणकन्या एक्स्प्रेसमध्ये बसलात की सकाळी कुडाळला उतराल. तारकर्लीची खोली मिळेल दुपारी बारानंतर. झोपमोड झालेली दोन मुलं आणि सामान घेऊन हे चार तास काढायचे कुठे? या चार तासांनी भल्याभल्या सहलींचा पहिला दिवस वाया घालवला आहे. तेव्हा थेट मावशींकडे जा. अंघोळी होतील, पेज होईल, बाळ ओळखीच्या माणसांत एक झोप काढेल, बहिणी-बहिणींना पोटभर बोलता येईल, आणि तुम्ही अकराला गाडी करून तासाभरात तारकर्लीला पोचाल. ज्यांची अशी मावशी नाही त्यांनी हॉटेलवाल्याला आधीच विचारावं, सकाळी लवकर खोली द्याल का आणि त्याचे किती. कधी कधी आदल्या रात्रीचं निम्मं भाडं देऊन खोली मिळते, आणि लहान मुलं बरोबर असताना तो खर्च वाया जात नाही.

रस्त्याने जायचा विचार असेल तर या वेळी नका करू. डोंबिवलीहून मालवण म्हणजे थांबत थांबत दहा-बारा तास, त्यात २६ जानेवारीची जोडून सुट्टी. गाडीत बाळाला पाजता येतं, पण मांडीवर धरून सुरक्षित नेता येत नाही. राहण्यात जे पैसे वाचतील त्यातून वातानुकूलित डब्याची तिकिटं काढा, तिथे फिरायला दिवसभराची गाडी ठरवा, आणि मुलांचे कपडे धुऊन देण्याचे पैसे घरमालकिणीला वेगळे द्या. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा नको असेल तर रेल्वेत तिकीट लागत नाही. पण मुलीसाठी वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं भरून तो घ्या. रात्रभर एका बर्थवर तुम्ही आणि दोन मुलं, असं करू नका.

फेब्रुवारीत जाऊ असं ठरलं तर एक लक्षात ठेवा. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा साधारण त्याच सुमारास असते, तिची तारीख देवीच्या कौलाने ठरते, आणि त्या दिवसांत मालवणच्या पंचक्रोशीत खोली मिळणं कठीण. जत्रेला जायचं असेल तर वेगळी गोष्ट, पण बाळाला घेऊन शांतता शोधत असाल तर तारीख बघूनच ठरवा. पावसाळ्यात मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात. जानेवारीत त्या चालू असतील, आणि तो किल्ला मुलीला दाखवावासा वाटेलच. त्या सकाळी बाबा, मुलगी आणि सासूबाईंना होडीत चढणं जमणार असेल तर त्या, असे जाऊ द्या. बाळाला उन्हात तटावरून फिरवायची गरज नाही. तुम्ही त्याच्याबरोबर पडवीत थांबा, किंवा उलटं करा, तुम्ही किल्ला बघा आणि बाबा थांबू दे. सगळ्यांनी सगळं एकत्रच बघितलं पाहिजे, असा आग्रह लहान मुलं असताना धरू नये.

पोचल्यावर सामान उघडण्याआधी पाच मिनिटं तुमच्यापैकी एकाने जमिनीवर बसून खोली बघावी, बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवरून. प्लगचे उघडे खड्डे, लोंबणारी किटलीची वायर, टीपॉयचे कोपरे, पलंगाखाली पडलेली मच्छरवडी, दाराची खालची कडी लागते की नाही. बरोबर एक रुंद चिकटपट्टी आणि हातभर सुतळी असू द्या, निम्म्या गोष्टींचा बंदोबस्त तेवढ्यात होतो. खोली पटली नाही तर त्याच वेळी दुसरी मागा. बॅगा उघडून कपडे बाहेर काढले की मग मागायला जीव होत नाही.

तारकर्लीला फोन नवऱ्याला करू द्या. वरचे सगळे प्रश्न त्याने स्वतः विचारले की ती जागा त्यालाही आपली वाटेल. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. २३ जानेवारीच्या गाडीसाठी तो दिवस २४ नोव्हेंबर, सकाळी आठ वाजता. आधी दोन खोल्या पक्क्या करा, आणि रद्द केल्या तर पैसे परत मिळतील का हे विचारून ठेवा, म्हणजे तिकीट नाही मिळालं तरी अडकणार नाही. येतानाचं तिकीट परतीच्या तारखेच्या ६० दिवस आधी उघडेल, तेही त्या दिवशी लगेच बघा. परतीला दिवसाची गाडी मिळाली तर ती घ्या. मुलीला खिडकीतून बोगदे मोजता येतील, आणि रात्री डोंबिवलीत आपापल्या गादीवर सगळे झोपाल.

तुमची,
ताई